वंशावळींतील व्याधि

महाराष्ट्रांत कुलवृत्तांत लिहिण्याची हौस जुनी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून आला, त्यास पुत्र किती, त्यांपैकीं दत्तक कोण गेला, सनद कोणास मिळाली, हें सारें मोठ्या चिकाटीनें जमवून छापलेले ग्रंथ आमच्या अनेक घरांत जपून ठेवलेले आढळतात. ह्या ग्रंथांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु त्यांतील वंशवृक्ष कोणी वैद्याच्या दृष्टीनें पाहूं लागला, तर दोन उणिवा त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहींत. मुलींच्या फांद्या बहुधा विवाहापाशीं थांबतात, आणि माणूस कोणत्या रोगानें गेलें ह्याची नोंद क्वचितच सांपडते. इतिहासकारास ह्या उणिवा फारशा बोंचणार नाहींत. परंतु आज आम्ही ज्या व्याधीची हकीकत सांगणार आहों, तिचें मर्म नेमकें ह्याच दोन ठिकाणीं दडून राहिलें होतें. ती व्याधि म्हणजे स्तनाचा कर्करोग. भारतांतील स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत आज हिचा क्रमांक पहिला आहे. ती घराण्यांतून उतरते काय, उतरते तर कशी, आणि उतरते ह्याचा अर्थ काय, हे तीन प्रश्न सोडविण्यास पाश्चात्य वैद्यकास सव्वाशें वर्षें लागलीं.

व्याधि स्वतः फार पुरातन आहे. एडविन स्मिथ ह्या गृहस्थांनीं १८६२ सालीं इजिप्तमधील लक्सर येथें एक पपायरसाची गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड ह्यांनीं तिचें भाषांतर १९३० सालीं प्रसिद्ध केलें. ही प्रत इसवी सनापूर्वीं १६०० च्या सुमाराची असून तींतील मजकूर त्याहूनही जुना आहे. छातीवर उठलेल्या, हातास थंड लागणाऱ्या गांठींचें वर्णन करून तो प्राचीन वैद्य शेवटीं ह्यावर उपचार नाहीं असें स्पष्ट लिहितो. आमच्या सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचीं लक्षणें सांगितलीं आहेत, तींही आजच्या वैद्यास ओळखूं येतील अशीं आहेत: वाटोळें, स्थिर, खोल मुळाचें, हळूहळू वाढणारें आणि न पिकणारें. ग्रीक वैद्यांनीं गांठीभोंवती पसरलेल्या शिरा पाहून तिला खेंकड्याचें नांव दिलें, आणि पुढें गेलेननें तिचें कारण शरीरांत साचलेलें कृष्णपित्त असें ठरविलें. कृष्णपित्त कोणीच पाहिलेलें नव्हतें; तरी त्या उपपत्तीचा अंमल युरोपांत हजार वर्षांहून अधिक काळ चालला.

ह्या प्राचीन दाखल्यांपैकीं एक आम्हांस विशेष बोलका वाटतो. इराणचा सम्राट् दारयवहु ह्याची राणी अतोसा हिच्या स्तनास गांठ झाली होती, अशी हकीकत हेरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकारानें लिहून ठेवली आहे. गांठ लहान होती तोंपर्यंत राणीनें ती लाजेनें लपविली व कोणास सांगितली नाहीं. ती फुटून पसरूं लागली तेव्हांच तिनें डेमोसेडीस नांवाच्या ग्रीक वैद्यास बोलाविलें. ती गांठ कर्करोगाची होती किंवा नव्हती हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. परंतु एवढ्या मोठ्या साम्राज्याची स्वामिनी देखील आपल्या देहाच्या ह्या भागाविषयीं मौन धरते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ज्या रोगाविषयीं रोगीच बोलत नाहीं, त्याची परंपरा कोणी कशी लिहावी?

ती परंपरा लिहिण्याचा पहिला ठळक प्रयत्न पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका ह्यांनीं केला. मेंदूंतील वाणीचें स्थान दाखवून देणारे म्हणून ह्यांचें नांव जगाला ठाऊक आहे. १८६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अर्बुदांवरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं एका कुटुंबाची हकीकत दिली. १७८८ सालीं स्तनाच्या कर्करोगानें वारलेल्या एका स्त्रीपासून आरंभ करून १८५६ पर्यंतचे मृत्यु त्यांनीं एकामागून एक मांडले. कुटुंबांतील २४ स्त्रियांपैकीं १० ह्याच रोगानें गेल्या होत्या. घराण्याचें नांव त्यांनीं दिलें नाहीं. परंतु तें त्यांच्या पत्नीचेंच माहेर असावें, असें अभ्यासक मानतात. ही यादी करतांना ब्रोकांनीं जें केलें तें आमचे कुलवृत्तांतकार करीत नव्हते. त्यांनीं मुलींच्या शाखा विवाहापलीकडे चालू ठेवल्या आणि प्रत्येक मृत्यूपुढें कारण लिहिलें. एवढे मृत्यु योगायोगानें एका घरांत जमणें शक्य नाहीं, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो बरोबर होता, परंतु त्यापुढें जाण्याचें साधन त्या काळीं कोणापाशींच नव्हतें. मेंडेलचे वाटाण्यावरील प्रयोग नेमके त्याच वर्षीं छापून निघाले आणि पुढें चौतीस वर्षें अंधारांत पडून राहिले.

मध्यंतरीं ह्या रोगाचा इतिहास शल्यवैद्यांच्या हातीं गेला. रोग एका जागीं उगवतो व तेथून पसरत जातो, तेव्हां जितकें अधिक कापावें तितकें बरें, ह्या विचारानें बाल्टिमोर येथील विल्यम हाल्स्टेड ह्यांनीं स्तन, त्याखालील स्नायु आणि कांखेंतील गांठी एकदम काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रूढ केली; १८९४ सालीं त्यांनीं अशा ५० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ह्या शस्त्रक्रियेनें लाखों स्त्रियांचे देह विद्रूप झाले. बर्नार्ड फिशर ह्यांनीं १९७१ सालीं सुरू केलेल्या तुलनात्मक चाचणीनें असें दाखविलें कीं, एवढ्या मोठ्या छेदानें आयुष्य अधिक वाढत नाहीं. कांहीं वैद्यांस मात्र तेव्हांच निराळें दिसलें होतें. लंडनचे स्टीफन पॅजेट ह्यांनीं १८८९ सालीं ७३५ मृत रुग्णांचीं टिपणें तपासून सांगितलें कीं, रोगाचें बीज सर्वत्र पडतें, पण रुजतें तें अनुकूल भूमींतच. ग्लासगोचे जॉर्ज बीटसन ह्यांनीं १८९५ सालीं एका रुग्ण स्त्रीचे बीजकोश काढून टाकले आणि स्तनांतील गांठ ओसरत गेलेली पाहिली. स्तन आणि बीजकोश ह्यांना जोडणारा कोणता दुवा आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. तो दुवा म्हणजे रक्तांतून वाहणारा इस्ट्रोजेन हा अंतःस्राव होय. टॅमॉक्सिफेन हें औषध ह्याच दुव्यावर घाव घालतें, आणि १९७३ पासून ब्रिटनमध्यें तें ह्या रोगावर दिलें जाऊं लागलें.

ह्याच धाग्यावर आणखी एक शोध उभा राहिला. जेनेट लेन-क्लेपन ह्या ब्रिटिश विदुषीनें १९२६ सालीं ५०० रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया ह्यांच्या आयुष्याची तुलना करून दाखविलें कीं, उशिरां विवाह झालेल्या, थोडीं मुलें झालेल्या व थोडा काळ अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांत हा रोग अधिक आढळतो. मुंबईशीं ह्या गोष्टीचा संबंध आहे. १९६३ सालीं मुंबईत डॉ. जसावाला ह्यांच्या पुढाकारानें कर्करोगाची नोंदवही सुरू झाली; एका ठराविक शहरांतील सर्व रुग्णांची मोजदाद करणारी भारतांतील ही पहिलीच नोंद. तींत असें दिसून आलें कीं, शहरांतील इतर समाजांपेक्षां पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आहे. कोणासही प्रथम असेंच वाटेल कीं, आपसांत विवाह करणाऱ्या एका लहान समाजाचें हें रक्तांतील वैगुण्य असावें. परंतु ह्या समाजांत विवाह उशिरां होतात आणि अपत्यें थोडीं असतात. लेन-क्लेपनबाईंनीं सांगितलेलीं कारणें तेथें स्पष्ट दिसत होतीं. जें एका समाजांत अथवा एका घरांत आढळतें तें सर्व बीजांतूनच येतें असें नाहीं, हा धडा आनुवंशिकतेचा विचार करणाऱ्यानें पहिल्यानें घ्यावा.

असाच धडा उंदरांनींही शिकविला. अमेरिकेंतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत उंदरांचे असे वंश तयार केले होते कीं, त्यांतील बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई. हें बीजाचेंच फळ, अशी सर्वांची समजूत झाली. पण जॉन बिटनर ह्यांनीं १९३६ सालीं ह्या वंशाचीं पिल्लें जन्मतांच काढून निरोगी वंशाच्या माद्यांना पाजावयास दिलीं, तों त्यांच्यांतील रोगाचें प्रमाण एकदम उतरलें. रोग आईच्या दुधांतून येत होता. पुढें तो एका विषाणूमुळें होतो असें ठरलें. मनुष्यांत तसा विषाणु सिद्ध झाला नाहीं, तरी उंदरांच्या ह्या प्रयोगानें आनुवंशिकतेच्या बाजूचा मोठा आधार ढांसळला. ह्या क्षेत्रांत एका महाराष्ट्रीय विदुषीनें आपलें आयुष्य वेंचलें. पुण्यांत १९१७ सालीं जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनीं आरंभीं सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढें डॉ. खानोलकर ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांनीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि परळ येथील कर्करोग संशोधन केंद्रांत उंदरांच्या वंशांवर ह्याच रोगाचा अभ्यास चालविला. बीज, अंतःस्राव आणि विषाणु ह्यांपैकीं एकावरच सारा दोष न टाकतां त्यांचा परस्परसंबंध पाहणारी ही संशोधनाची वाट होती.

आतां बीजाच्या प्रश्नाकडे वळूं. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी ह्यांनीं १९१४ सालींच असें प्रतिपादिलें होतें कीं, अर्बुद ही पेशींतील गुणसूत्रांच्या बिघाडाची करणी आहे. म्हणजे सर्वच कर्करोग एका अर्थानें बीजद्रव्याचे रोग आहेत. परंतु बिघाड बहुधा एखाद्या पेशींत जन्मानंतर होतो, व तो त्या देहाबरोबरच संपतो. मग कांहीं घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या कां दिसावा? ह्याचें उत्तर आल्फ्रेड नड्सन ह्यांनीं १९७१ सालीं लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचे ४८ रुग्ण अभ्यासून दिलें. प्रत्येक जनुकाच्या आपणांपाशीं दोन प्रती असतात, एक आईची व एक बापाची. राखण करणारें जनुक असेल तर एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी काम भागविते. दोन्ही गेल्या म्हणजे पेशी बेफाम होते. सामान्य माणसाच्या एकाच पेशींत हे दोन्ही आघात व्हावयास दीर्घ काळ लागतो. पण ज्याला जन्मतःच एक प्रत सदोष मिळाली आहे, त्याच्या प्रत्येक पेशींत पहिला आघात अगोदरच झालेला असतो. म्हणून अशा घराण्यांत रोग तरुणपणीं येतो, आणि पुष्कळदां दोन्ही अंगांस येतो.

हा तरुण वयाचा मुद्दा पुढें निर्णायक ठरला. मेरी-क्लेअर किंग ह्या अमेरिकन विदुषीनें सत्तरच्या दशकांत हा प्रश्न हातीं घेतला, तेव्हां तिला अनुकूल असे फार थोडे होते. रोग इतका सामान्य कीं, एका घरांत दोन-तीन बहिणींना तो निव्वळ योगायोगानेंही व्हावा. आणि इतका गुंतागुंतीचा कीं, एका जनुकास त्याचें कारण मानणें भोळेपणाचें वाटावें. तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं १,५७९ रुग्ण स्त्रियांच्या कुटुंबांचें गणित मांडून दाखविलें कीं, बहुतेक कुटुंबांत असें जनुक मानण्याचें कारण नाहीं, परंतु शेंकडा ४ कुटुंबांत तें मानल्यावांचून हिशेब जुळत नाहीं. त्यानंतर तिनें २३ विस्तृत घराणीं व त्यांतील १४६ रुग्ण घेऊन, गुणसूत्रांवरील एकेक खूण आणि रोग हीं बरोबर उतरतात काय हें तपासलें. सर्व घराणीं एकत्र घेतलीं तेव्हां उत्तर धूसर येई. मग तीं रोगाच्या वयाप्रमाणें ओळीनें लावलीं गेलीं. ज्या सात घराण्यांत रोग सर्वांत तरुण वयांत आला होता, त्यांत सतराव्या गुणसूत्रावरील एक जागा रोगाबरोबर बिनचूक चालतांना दिसली. उतारवयांत रोग आलेल्या घराण्यांत तिचा मागमूस नव्हता. ही वार्ता १९९० च्या ऑक्टोबरांत सिनसिनाटी येथील सभेंत प्रथम सांगितली गेली. ब्रोकांच्या यादीस उत्तर मिळावयास १२४ वर्षें लागलीं.

जागा कळली, पण जनुक हातीं यावयाचें होतें. त्यासाठीं अनेक देशांत चढाओढ लागली. मार्क स्कोल्निक ह्यांच्या युटा येथील मंडळीनें १९९४ सालीं तें वेगळें काढलें; त्यास बीआरसीए-१ हें नांव रूढ झालें. पुढल्याच वर्षीं इंग्लंडांत मायकेल स्ट्रॅटन ह्यांच्या मंडळीनें तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ शोधून काढलें. हीं जनुकें मुळांत रोगाचीं नाहींतच. तीं प्रत्येक स्त्रीपुरुषाच्या पेशींत असतात, आणि बीजद्रव्याचा दुहेरी धागा तुटला असतां तो दुसऱ्या अखंड प्रतीवरून पाहून बिनचूक सांधण्याचें काम तीं करवितात. रोग उत्पन्न होतो तो ह्या कारागिराच्या अभावीं. पहिल्या जनुकापासून १,८६३ दुव्यांचें एक प्रथिन तयार होतें. पूर्व युरोपांतून आलेल्या अश्कनाझी ज्यूंमध्यें आढळणाऱ्या एका दोषांत ह्या जनुकाच्या आरंभींचीं दोनच अक्षरें गळालेलीं असतात. पण तेवढ्यानें पुढील सर्व वाचन निरर्थक होऊन प्रथिन अर्धवट राहतें. अशा तीन जुन्या दोषांपैकीं एखादा ह्या समाजांत सुमारें ४० माणसांमागें एकाकडे असतो.

ह्या शोधाचा व्यवहारांतही झगडा झाला. जनुक वेगळें काढणाऱ्या कंपनीनें त्यावर मालकी हक्क मिळविला आणि त्याची तपासणी आपल्याच हातीं ठेविली. अखेर १३ जून २०१३ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, निसर्गांत असलेलें बीजद्रव्य केवळ वेगळें काढल्यानें कोणाच्या मालकीचें होत नाहीं. दुसरीकडे, ज्या दुबळेपणानें रोग होतो त्याचाच उपयोग रोगाविरुद्ध करण्याची युक्ति निघाली. ज्या पेशींत सांधण्याची एक वाट बंद आहे, त्यांची दुसरी वाट औषधानें रोखली तर त्या मरतात आणि निरोगी पेशी तगतात, हें २००५ सालीं इंग्लंडांतील दोन मंडळ्यांनीं दाखविलें. ह्या तत्त्वावरील ओलापॅरिब हें औषध २०१४ सालीं प्रथम बीजकोशाच्या कर्करोगासाठीं व नंतर स्तनाच्या कर्करोगासाठींही मान्य झालें.

आतां आरंभींच्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील. स्तनाच्या कर्करोगांपैकीं शेंकडा ५ ते १० इतकेच अशा एका सदोष जनुकामुळें होतात. म्हणून आईस झाला तर मुलीस होणारच, ही भीति निराधार आहे. आणि घरांत कोणास झाला नाहीं म्हणून आपण सुरक्षित, हा विश्वासही तितकाच निराधार आहे. परंतु ज्या स्त्रीस बीआरसीए जनुकाची सदोष प्रत मिळाली आहे, तिला वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा रोग होण्याचा संभव शेंकडा ७० च्या आसपास आहे, व बीजकोशाच्या कर्करोगाचाही मोठा धोका आहे. तिच्या आयुष्याचा निर्णय वेळींच मिळालेल्या माहितीवर अवलंबून राहतो. ती माहिती मिळाली तर लौकर व वारंवार तपासणी, औषध किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया असे मार्ग तिला मोकळे असतात. आणखी एक गोष्ट आमच्या समजुतीस धक्का देणारी आहे. हा दोष मुलीस बापाकडूनही तितकाच येतो. प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. पुरुष बहुधा निरोगी राहून दोष पुढें देतो, म्हणून तो मागच्या पिढ्यांत दिसत नाहीं; क्वचित् त्यालाही स्तनाचा कर्करोग होतो. एखाद्या तरुण स्त्रीस रोग झाला म्हणजे तिच्या आईच्या माहेराकडे बोट दाखविलें जातें. आत्या कशानें वारली हें विचारण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

येथेंच हा प्रश्न शास्त्राच्या हातून निसटून आमच्या घरांत येतो. सोयरीक जमवितांना घराण्यांतील रोग झांकण्याची रीत अजून गेलेली नाहीं. आत्या पोटाच्या दुखण्यानें गेली, मावशी खंगून गेली, असें मोघम सांगून विषय मिटविला जातो. हेतु मुलींचें भलें व्हावें हाच असतो. परंतु जी गोष्ट मुलीच्या विवाहासाठीं लपविली जाते, तीच कळली असती तर कदाचित् तिचा जीव वांचला असता. लाज ज्याची वाटावी असें ह्यांत कांहीं नाहीं. कोणाच्या कुलांत दोष नाहीं असें कोणी म्हणूं नये. सदोष जनुकें थोडींबहुत सर्वांपाशींच असतात, आणि तीं मिळणें हा कोणाचाही अपराध नव्हे. मेरी-क्लेअर किंग हिला सतराव्या गुणसूत्राची वाट दाखविली ती शेंकडों अपरिचित स्त्रियांनीं. आपली आई कोणत्या वयांत गेली, मावशीस काय झालें होतें, बहिणीची गांठ केव्हां दिसली, हें त्यांनीं न लाजतां सांगितलें म्हणून तें गणित जुळलें.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. ज्यांच्या घरीं कुलवृत्तांत आहे त्यांनीं त्याच्या अखेरच्या कोऱ्या पानांवर, आणि ज्यांच्या घरीं तो नाहीं त्यांनीं एखाद्या वहींत, आपल्या आई, आजी, आत्या, मावशा आणि बहिणी ह्यांचीं नांवें लिहावीं. लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या मुलींचींही लिहावीं. प्रत्येकीच्या नांवापुढें तिला कोणता आजार कोणत्या वयांत झाला हें, जितकें खात्रीनें ठाऊक असेल तितकें, नोंदवावें. जिवंत असलेल्या वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारल्यास पुष्कळ गोष्टी अजून कळतील. दहा वर्षांनीं त्या सांगणारें कोणी उरणार नाहीं. ती वही घरांतील मुलींच्या हातीं द्यावी, व प्रसंग पडल्यास वैद्यापुढें ठेवावी. वैद्य पहिला प्रश्न तोच विचारील.